कुणाचा आवाज धरायचा आहे?

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस कोणता घेऊ? आज हा प्रश्न घाईनं सोडवायचा नाही. मोबाइल बाजूला ठेवा, किमती बघणं थांबवा आणि घरात जिथं बसून गाता किंवा वाजवता तिथंच येऊन बसा. दूधगंगेकाठच्या बोरगावात असाल तर सोप्यात बसा, माजघरात बसा, नाहीतर माडीवरच्या खोलीत बसा. मांडी घाला किंवा भिंतीला टेका. श्वास चाललाय तसा चालू द्या. यंत्राचा विचार करायचाच आहे, पण त्याच्याकडे आवाजाच्या वाटेनं जायचं आहे.

आता मनात एक आवाज आणा. एकच. सप्ताहात विणेकऱ्यामागं उभं राहून चाल धरणारे काका असतील. जैन बस्तीत पूजा म्हणताना कानडीतून मराठीत आणि मराठीतून कानडीत सहज येजा करणाऱ्या आत्या असतील. मोहरममध्ये करबलची गाणी सांगणारे वस्ताद असतील, यल्लम्माची पदं चौंडक्यावर म्हणणारी जोगतीण असेल. जात्यावरच्या ओव्या अजून पाठ असलेली आज्जी असेल. किंवा तुमचा स्वतःचाच गळा आणि पुढ्यातली पेटी असेल. दूधगंगेच्या या काठावर आवाजांची वाण नाही, म्हणूनच निवड करावी लागते. सगळे आवाज एकदम धरायला निघालात तर यंत्र मोठं होत जातं, खर्च वाढत जातो आणि रेकॉर्डिंग मात्र पुढं ढकललं जातं.

आवाज ठरला? आता त्याच्याबरोबर आणखी काय वाजतं ते ऐका. मनातल्या मनात मोजा. आज्जी एकटीच म्हणते: एक आवाज. पेटी वाजवत गाणारा माणूस: दोन. गायक, पेटी, पखवाज आणि पाठीमागं टाळकरी: चार किंवा त्याहून जास्त. हे सगळं एकाच वेळी धरायचं आहे की एकामागून एक धरलं तरी चालेल? इंटरफेसला किती इनपुट हवेत याचं उत्तर या मोजणीत आहे. घरात बसून एकट्यानं काम करणाऱ्याला दोन इनपुट बहुतेक वेळा पुरतात. मंडळाचं भजन चालीनं, एकमेकांकडं बघत, एका दमात होतं. तिथं प्रत्येकापुढं माइक ठेवण्यापेक्षा सगळ्यांसमोर नीट जागा शोधून दोनच माइक लावले तर भजन भजनासारखं ऐकू येतं. आठ इनपुटचा इंटरफेस ज्याला खरोखर लागतो त्याला तो का लागतो हे नेमकं सांगता येतं. तुम्हाला तसं सांगता येत नसेल तर दोन इनपुटवर थांबा.

आता त्या आवाजाच्या मागं मागं चालत जा. गळ्यातून निघालेली हवेची थरथर माइकच्या पातळ पडद्यावर येते. पडदा हलतो आणि तारेत अगदी बारीकशी वीज उमटते. साध्या डायनॅमिक माइकमध्ये ती एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. इंटरफेसमधला प्रीअँप ती वाढवतो. 60 डेसिबल गेन म्हणजे हजारपट वाढ. मग कन्व्हर्टर त्या विजेची उंची सेकंदाला 44,100 वेळा किंवा 48,000 वेळा मोजतो आणि आकडे कॉम्प्युटरकडं धाडतो. परत येताना हेच उलट होतं: आकड्यांची वीज, विजेचा हेडफोनमधला आवाज. इंटरफेसचं काम एवढंच. तो आवाज घडवत नाही. गळ्यात जे आहे ते न बिघडवता पलीकडं पोचवणं, हाच त्याचा धर्म.

इथं जरा मागं वळून बघा. 1902 साली फ्रेडरिक गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीचं यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. तेव्हा माइक नव्हता, प्रीअँप नव्हता. एक कर्णा होता, आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन जोरात गायचं होतं. आवाज कमी करायचा तर माणूस मागं सरायचा, वाढवायचा तर पुढं. आज आपण गेनचं बटण फिरवून जे करतो ते तेव्हा गायकाला अंगानं करावं लागे. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग 1925 साली सुरू झालं, तोवर असंच चाललं. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. ज्यांच्या रागाला रात्र पुरत नसे त्यांनी त्या तीन मिनिटांत राग बसवला. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. खरखर आहे, वरचे बारीक स्वर कापले गेले आहेत, तरी सूर लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. यावर थोडा वेळ थांबा. त्या काळच्या यंत्रापेक्षा आज दुकानातला सर्वांत स्वस्त इंटरफेससुद्धा कितीतरी स्वच्छ आहे. तरीही जे टिकलं ते खाँसाहेबांच्या सुरामुळं टिकलं.

म्हणजे कोणताही घेतला तरी चालेल असं नाही. फरक आहे, आणि तो कुठं आहे हे कळण्यासाठी आता खोली ऐका.

डोळे मिटा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. पंखा फिरतोय. फ्रीज मधेच गुरगुरतो. गळीत हंगाम असेल तर उसाची ट्रॉली ओढत ट्रॅक्टर जातो, आणि त्यावरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी ऐकू येतात. जवळपास यंत्रमाग असेल तर त्याचा एकसुरी खडखडाट भिंतीतून येतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की घरातलं बोलणंही ऐकू येत नाही. एक टाळी वाजवा. ती लगेच विरते की भिंतीभिंतींत घुमते? फरशी, गिलावा आणि कोरा पत्रा असलेली खोली घुमते. कपड्यांचं कपाट, गाद्यांची चळत आणि दोरीवर टाकलेल्या गोधड्या असलेली खोली शांत असते.

हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये येणार आहे. प्रीअँपचा स्वतःचा आवाज किती कमी आहे यावर कंपन्या मोठी चढाओढ करतात. पण जवळ ठेवलेल्या कंडेन्सर माइकवर, पंखा चालू असलेल्या खोलीत, हा दोन-चार डेसिबलचा फरक पंख्याखाली बुडून जातो. पंखा बंद करायला पैसे लागत नाहीत. माइक तोंडापासून दोन फुटांवरून एक फुटावर आणला तर गळ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. खर्चाचा क्रम त्यामुळं आपोआप लागतो: आधी शांत वेळ, मग शांत जागा, मग माइकची जागा, मग माइक, आणि त्यानंतर इंटरफेस.

आता तुम्ही निवडलेल्या आवाजाकडं परत या. तो मोठा आहे की नाजूक?

आज्जीचा आवाज असेल तर तो बारीक असेल, धाप लागत असेल, कडव्याच्या शेवटी सूर हवेत विरत असेल. असा आवाज डायनॅमिक माइकवर धरायचा तर प्रीअँपला 55 ते 60 डेसिबल गेन द्यावा लागतो, आणि तेवढा देतानाही त्यानं सूं आवाज करता कामा नये. या कामासाठी इंटरफेसच्या माहितीत एकच ओळ शोधा: गेन किती? फोकसराइट स्कारलेटचं उदाहरण घ्या. 2023 साली त्याची चौथी पिढी आली. तिच्यातला दोन माइकचा 2आय2 तब्बल 69 डेसिबल गेन देतो, तर एका माइकचा सोलो 57. नाव एकच, रंग एकच, पण आज्जीच्या ओवीसाठी हा फरक खरा आहे. कंडेन्सर माइक वापरलात तर त्याच्याकडून येणारी वीज डायनॅमिकपेक्षा साधारण दहापट असते आणि गेनची एवढी गरजच राहत नाही. मात्र कंडेन्सरला 48 व्होल्टचं फँटम, म्हणजे इंटरफेसनं तारेतूनच पुरवलेली वीज, लागतं. इंटरफेसवर 48 असं लिहिलेलं बटण आहे ना, ते बघून घ्या.

आवाज हलगीचा किंवा पखवाजाचा असेल तर प्रश्न उलटा होतो. इथं वाढवायचं नसतं, सोसायचं असतं. थाप पडली की एका क्षणात वीज एवढी उसळते की गेन शून्यावर असला तरी इनपुट भरून जातं. अशा कामाला पॅड असलेला इंटरफेस किंवा माइक बघा. पॅडमुळं येणारा आवाज आधीच 10 किंवा 20 डेसिबलनं खाली येतो. टाळांचं आणखी निराळं. त्यांचा आवाज वरच्या पट्टीत टोकदार असतो, आणि कंडेन्सर जवळ ठेवला तर टाळ सगळ्यांवर चढून बसतात. टाळकऱ्यांना दोन पावलं मागं उभं करा. यात इंटरफेसला काही करता येत नाही.

आणि पेटी? पेटीशी जरा जास्त वेळ बसा, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत गाणं तिच्यापासून सुरू होतं. एका हातानं भाता चालवा आणि दुसऱ्या हातानं एकच स्वर धरून ठेवा. आता कान हळूहळू पेटीभोवती फिरवा. पट्ट्यांच्या वर स्वर भरीव आहे. भात्याच्या बाजूला गेलात की स्वरात हवेची फुसफुस मिसळते, आणि भाता जुना असेल तर त्याची करकरही येते. अगदी जवळ गेलात तर पट्ट्यांची टकटक स्वरापेक्षा मोठी होते. वरच्या बाजूनं, एक-दीड फूट अंतरावर, भात्यापासून थोडं दूर अशी एक जागा सापडते जिथं फक्त स्वर आहे. माइक तिथं ठेवायचा. गाणाराही तोच असेल तर दुसरा माइक तोंडाजवळ येतो. अशा वेळी दोन माइकमधलं अंतर, माइक आणि तोंड यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावं, नाहीतर एकच आवाज दोन वाटांनी येऊन पोकळ होतो. ही जागा शोधणारा कान तुमच्याकडं असेल तर साध्या इंटरफेसवरही पेटी गाते.

आता गेनचं बटण. डोळ्यांसमोर उसाच्या फडातला पाट आणा. पाणी कमी सोडलं तर शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, आणि जास्त सोडलं तर बांध फुटतो. बांध फुटल्यावर पाणी कमी केलं तरी वाहून गेलेली माती परत येत नाही. आवाज मर्यादा ओलांडून क्लिप झाला की त्याचं तसंच होतं, पुढं कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तो पूर्ण सावरत नाही. दिलासा असा की आजच्या इंटरफेसमध्ये काठ सोडून चालायला पुष्कळ जागा आहे. सीडी 16 बिटची असते, म्हणजे आवाजाच्या उंचीच्या 65,536 पायऱ्या. 24 बिटला या पायऱ्या 1,67,77,216 होतात. म्हणून सर्वांत मोठी तान उणे 12 डेसिबलपर्यंत जाईल एवढाच गेन ठेवा आणि निर्धास्त गा. काही हरवत नाही. 96 आणि 192 किलोहर्ट्झचे आकडे बघून मन चळू देऊ नका. माणसाच्या कानाची धाव 20 किलोहर्ट्झपर्यंत, आणि ती 44.1 मध्ये मावते. व्हिडिओबरोबर जोडायचं असेल तर 48 घ्या. 

पुढची पायरी: हेडफोन कानाला लावा आणि स्वतःला ऐकत गाण्याची कल्पना करा. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. बफर, म्हणजे एका खेपेला पाठवायचे आकडे, 256 ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला एका दिशेला जवळजवळ 6 मिलिसेकंद जातात, आणि येण्याजाण्याचे मिळून दहाच्या वर होतात. 10 मिलिसेकंदांत हवेतला आवाज साधारण 11 फूट चालतो. सप्ताहात टाळकऱ्यांच्या रांगेत पहिला आणि शेवटचा माणूस याहून दूर उभे असतात, तरी ठेका सुटत नाही. मग हेडफोनमध्येच एवढा त्रास का व्हावा? कारण स्वतःचा आवाज हाडांतून कानापर्यंत त्याच क्षणी पोचलेला असतो, आणि उशिरा आलेली त्याचीच प्रत त्याला भिडते. सूर पोकळ वाटतो, गायक बिचकतो. यावर इलाज जुना आणि सोपा: डायरेक्ट मॉनिटर. आवाज कॉम्प्युटरची फेरी न मारता थेट हेडफोनमध्ये येतो. हे बटण नसलेला इंटरफेस गाणाऱ्यानं घेऊ नये. तानपुरा मोबाइलच्या अॅपवरून लावत असाल तर तो हेडफोनमध्येच ठेवा, म्हणजे माइकमध्ये येणार नाही. आणि मिरजेचा खरा तानपुरा घरात असेल तर तो मात्र माइकपुढं आणा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तानपुऱ्याची खरी ओळख जवारीत आहे. तारेखालचा दोरा नीट बसला की षड्जातून वरचे स्वर एकेक करून उमलतात. इंटरफेस पारखायचा असेल तर त्यावर तानपुरा रेकॉर्ड करा आणि ते वरचे स्वर तेवढेच उघडे राहतात का ते ऐका.

आता विजेकडं लक्ष द्या. रेकॉर्डिंगमध्ये सतत हुं असा खर्जातला आवाज येत असेल तर तो आपल्या 50 हर्ट्झच्या घरगुती विजेचा असतो. बोर्डाला अर्थिंग नसेल, किंवा लॅपटॉपचा चार्जर दोन पिनचा असेल, तर तो अनेकदा येतो. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. हुं गेला तर दोष इंटरफेसचा नव्हता. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घेणं हे इंटरफेस बदलण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि घरच्यांसाठी सुरक्षितही असतं. मोबाइलवर काम करणार असाल तर वेगळा ड्रायव्हर न मागणारा इंटरफेस निवडा, आणि फोनला तेवढी वीज पुरवता येत नसेल तर बाहेरून वीज घेणारा यूएसबी हब जोडा. विंडोजवर काम असेल तर लेटन्सी कमी ठेवणारा, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, हे विकत घेण्याआधी बघा.

शेवटी गाव आणि स्टुडिओ यांच्यातल्या अंतरावर मनन करा. धारवाडचं आकाशवाणी केंद्र 1950 साली सुरू झालं, सांगलीचं 1963 साली. त्या काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कलाकाराला आपला आवाज रेकॉर्ड व्हावा असं वाटलं तर एसटी धरून यांपैकी एका गावाला जावं लागे. ऑडिशन द्यावी लागे, बोलावणं येण्याची वाट बघावी लागे. ज्यांची तेवढी ऐपत नव्हती किंवा घरातून बाहेर पडायची मुभा नव्हती, त्यांचे आवाज गेले. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं 1990च्या दशकापासून त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रणही झालं. आज त्यातल्या बहुसंख्य ओव्यांचे शब्द आपल्यापाशी आहेत, पण गळा आहे तो थोड्यांचाच. शब्द वाचता येतात. कोणत्या अक्षरावर ती बाई थांबली, कुठं हसली, कुठं तिचा सूर भरून आला, हे ज्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं त्यांतच कळतं.

आता ते अंतर कसं कमी झालं बघा. फोकसराइट कंपनी रूपर्ट नीव्ह यांनी 1985 साली काढली, तेव्हा तिचं पहिलं काम संगीतनिर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसारख्या मोठ्या जागेसाठी होतं. त्याच कंपनीचा स्कारलेट 2011पासून घरोघरच्या टेबलांवर आला. बेहरिंगर, ऑडियंट, मोटू, स्टाइनबर्ग यांचेही दोन इनपुटचे इंटरफेस मिळतात. यांतल्या कोणत्याही कंपनीच्या चांगल्या इंटरफेसवर बोरगावच्या घरातलं गाणं जगाला ऐकवण्याजोगं उतरू शकतं. धारवाड आणि सांगलीचं अंतर आता टेबलापर्यंत आलं आहे. अडलं असेल तर ते आपल्या ठरवण्यावर.

म्हणून निर्णय असा घ्या. एक गळा आणि एक वाद्य असेल तर दोन इनपुट, 24 बिट, 48 व्होल्ट फँटम, डायरेक्ट मॉनिटर आणि आवाज नाजूक असल्यास 60 डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन, एवढं असलेला इंटरफेस घ्या. उरलेले पैसे चांगल्या माइकवर, जड स्टँडवर आणि अर्थिंगवर खर्च करा. पुढच्या मॉडेलची वाट बघू नका. इंटरफेस यायला वेळ असेल तर तोवर आज्जीचा आवाज मोबाइलवर तरी धरून ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रकार बोलून घ्या. फाइलची एक प्रत घरात आणि एक घराबाहेर ठेवा. नवा इंटरफेस पुढच्या वर्षीही मिळेल, पण आज्जीचा आवाज आज आहे तोवरच धरून घ्या.